नाव लावा

१

उन्हाळ्यात कावेरी आटते. चैत्र सरता सरता पात्रात नुसती वाळू उरते, आणि ती इतकी पांढरी की दुपारी तिच्याकडे बघवत नाही. बायका वाळूत हातभर खड्डे करून झिरपलेलं पाणी वाटीवाटीने घागरीत भरतात. नावा काठावर पालथ्या पडून असतात. कुणाला पलीकडच्या तीराला जायचं असेल, तर तो सरळ चालत जातो.

आमचं घर पडित्तुरैच्या, म्हणजे घाटाच्या, अगदी डोक्यावर होतं. तिरुवैयारुच्या खाली, उत्तर काठावरचं आमचं गाव लहान, पण जुनं. घाट आणि शेजारचं छत्र, म्हणजे धर्मशाळा, मराठी राजांनी बांधलेलं. राज्य खालसा झालं, तंजावरला इंग्रज कलेक्टर आला, छत्र सरकारकडे गेलं, आणि एकेक करून मराठी माणसं गाव सोडून गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्याखेरीज मराठी घर एकच उरलं होतं, बाळकृष्णरावांचं.

आमच्या घरात तिघं. सासूबाई, त्यांचं नाव शेषम्मा. मी, वसुमती. आणि हे. हे नदीपलीकडे पापनाशमच्या शाळेत इंग्रजी शिकवीत. यांच्या एका वाक्यात तीन भाषा यायच्या. पाण्याला यांनी जन्मात पाणी म्हटलं नाही. "अगं, थोडी तण्णी आण, वेय्यिल काय आहे आज, हॉरिबल!" असं बोलणं. वेय्यिल म्हणजे ऊन. सासूबाई कपाळाला हात लावीत. "प्राणेशा, तुझे आजोबा दरबारांत बोलूं लागले कीं माणसं कामं टाकून ऐकत. अन् तूं? अर्धा तमिळ, अर्धा साहेब." हे हसत आणि मुद्दाम आणखी एक इंग्रजी शब्द घालीत.

त्या वर्षी शाळेला सुट्टी लागली होती. मला दिवस गेले होते, म्हणून सासूबाईंनी जड कामं बंद केली होती. दुपारी मी नदीकडच्या ओट्यावर तांदळाचे वडाम, म्हणजे सांडगे, वाळत घालून कावळे हाकलत बसे. अशाच एका दुपारी पलीकडून हाक आली.

"नाव लावा!"

मी मान वर केली नाही. नदीला पाणी असतं तेव्हा पलीकडचे उतारू दिवसभर नावाड्याला हाका मारतात, त्यामुळे कानाला सवय होती. एक कावळा ताटाशी आला, मी त्याच्यावर काठी उगारली, आणि हात तसाच राहिला.

नदीत पाणी नव्हतं. आणि पलीकडचे लोक "ओडम" म्हणून ओरडत. नाव कुणी म्हणत नसे.

२

"पक्षी तो, अम्मा," अलमेलु म्हणाली. ती आमच्याकडे पाणी भरी. "उन्हाळ्यात येतो. अक्का, अक्का म्हणून ओरडतो. बहिणीला शोधतोय म्हणतात."

मी पुन्हा कान दिला. अक्का. असेलही. सासूबाई सांगत की त्यांच्या पूर्वजांच्या देशात एक पक्षी पावसाआधी "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" म्हणून शेतकऱ्यांना सांगत फिरतो. पक्षी ओरडतो आणि जो तो त्यात आपली भाषा ऐकतो. मला हे पटलं, आणि मी दोन-तीन दुपारी निवांत काढल्या. हाक येई, मी मनात म्हणे, पक्षी.

मग एका दुपारी वारा पडलेला होता, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि ती हाक पुरी ऐकू आली.

"नाव लावावी. बहुत वेळ जाहला."

मी वडाम तसेच टाकून आत गेले. हे माजघरात गार फरशीवर पंचा ओला करून पडले होते. मी काय ऐकलं ते सांगितलं. हे म्हणाले, "नॉनसेन्स. तुला झोप लागली असेल." पण उठून बाहेर आले. आम्ही दोघं ओट्यावर उभे राहिलो. पलीकडे वेळूचं दाट बन, त्याच्यापुढे जुन्या उतारावरच्या दोन दगडी पायऱ्या, आणि मध्ये सगळी वाळू.

"नाव लावा हो!"

यांनी भुवया वर केल्या. "मराठी! पलीकडे मराठी कोण आलं?" मग जरा वेळाने म्हणाले, "आंधळा असेल गं. कुणी म्हातारा तंजावरहून आला असेल. इथं नाव असते एवढं त्याला ठाऊक. नदी कोरडी आहे हे आंधळ्याला कसं कळणार? बिचारा उन्हात उभा आहे."

इतकं साधं उत्तर मला सुचलं नव्हतं याची मला लाजच वाटली. हे होतेच तसे. शाळेतल्या मुलांची कोडी सोडवावीत तशी घरातली भीतीसुद्धा सोडवून टाकत. यांनी चपला घातल्या, ओला पंचा डोक्याला गुंडाळला.

"ऊन उतरल्यावर जा," मी म्हटलं.

"तोवर तो पडेल तिथं. जातो आणि हाताला धरून घेऊन येतो. मोर करून ठेव."

ताकाला हे मोर म्हणत.

३

वाळूवरून हे चटाचट चालत गेले. त्या वाळूत दुपारी हळू चालणं शक्यच नसतं, चपला घातल्या तरी बाजूने पाय भाजतात. हे लहान लहान होत पलीकडे पोचले, पायऱ्या चढले, आणि वेळूत शिरले.

"यारु? कोण आहे?" यांचा आवाज आला. नदी कोरडी असली की पलीकडचं बोलणं इकडे स्वच्छ ऐकू येतं. "आजोबा, कुठं आहात? चला, हात द्या."

नंतर काही ऐकू आलं नाही.

मी वाट पाहिली. कावळ्यांनी वडामाचं एक ताट सांडलं तरी मी हलले नाही. आत सासूबाई ताक घुसळत होत्या, रवीचा घुमघुम आवाज येत होता. तो थांबला, त्यांनी लोणी काढलं असेल, पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात हे वेळूतून बाहेर आले. एकटेच.

हे हळू येत होते.

मधोमध वाळूत येऊन उभे राहिले. देवळाच्या गोपुराकडे पाहिलं, छत्राकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे. पुष्कळ दिवसांनी गावाला आलेला माणूस वेशीवर थांबून पाहतो तसं. मी ओरडले, "अहो, पाय भाजतील!" तेव्हा पुन्हा चालू लागले. घाट चढून वर आले तेव्हा मी पाहिलं, पायांत चपला नव्हत्या. डोक्यावर पंचा नव्हता. तळव्यांना काही झालेलं दिसत नव्हतं.

"कोण होतं?"

"कोणीहि नाहीं."

"आणि चपला?"

यांनी पायांकडे पाहिलं, जणू आत्ताच लक्षात आलं. "राहिल्या."

मी भांडं पुढे केलं. यांनी ते घेतलं, पण ओठाला लावलं नाही. अंगणातून आत येताना विहिरीपाशी थबकले आणि काठावर हात ठेवला.

"ही विहीर केव्हां जाहली?" यांनी विचारलं.

विहीर माझ्या सासऱ्यांनी खणवलेली. हे तेव्हा पाळण्यात होते. या विहिरीवरच हे लहानाचे मोठे झाले होते.

४

वैद्य म्हणाला, उन्हाचा तडाखा. डोकं तापलं की माणूस जवळचं विसरतो आणि लांबचं बोलतो. थंड द्या, निजू द्या, उतरेल. मी कपाळावर वाळ्याच्या पाण्याची घडी ठेवली. हे शांत पडून राहिले. डोळे छपराच्या वाशांवर.

ताप नव्हताच. हे उठले, हिंडू-फिरू लागले. आणि यांच्या बोलण्यातलं तमिळ गेलं.

एक शब्द उरला नाही. इंग्रजीही नाही. "उदक द्यावें." "आज फार उष्मा आहे." "मातोश्री जेविल्या काय?" सासूबाईंना प्रथम आनंद झाला. "उन्हानें कां होईना, जीभ सुधारली," असं त्या म्हणाल्या, आणि मीही हसले. एकदा अलमेलुने अंगणातून तमिळमध्ये विचारलं, अय्या, घागर आत ठेवू का? हे तिच्याकडे पाहून नुसते हसले. मग माझ्याकडे पाहिलं. भाषा न कळणारा माणूस असाच हसतो. नवे गोरे साहेब छत्रात उतरतात तेव्हा असेच हसतात. मी अलमेलुला म्हटलं, ठेव.

जेवायला बसले की पहिला घास तोंडात घालून हे बराच वेळ थांबत. डोळे मिटलेले. मग सावकाश चावत.

वागणं फार मवाळ होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. मोठा आवाज नाही, हट्ट नाही. मी वाकून काही उचलू लागले तर आधी स्वतः उचलत. पण मला "अगं" म्हणत नसत, आणि एकांतात वसु म्हणून जी हाक मारीत, ती तर नाहीच. चारचौघांत ते नाव यांनी कधी घेतलं नव्हतं, ते आमच्या दोघांतलंच. मी वाट पाहत होते. दिवस गेलेत, परसदाराला उठावं लागतं, असं निमित्त काढून मी सासूबाईंच्या खोलीत निजू लागले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

पलीकडची हाक बंद झाली होती. मी मनाला समजावी, आंधळा म्हातारा आपल्या वाटेने गेला असेल. नाहीतर पक्षी उडून गेला असेल.

५

बाळकृष्णराव यांची खुशाली विचारायला आले. म्हातारा मोठा रसिक, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला. दोघं ओट्यावर बोलत बसले. मी आतून ऐकत होते, पण शब्द नीट कळत नव्हते, फक्त यांचा मंद, एका लयीतला आवाज.

जाताना बाळकृष्णरावांनी मला दाराशी बोलावलं. तपकिरीची चिमूट बोटांत तशीच होती, ओढायची राहून गेली होती.

"वसुमती, हें बोलणं त्यानं कुठून उचललं?"

"सासूबाईंचं ऐकून," मी म्हटलं.

"शेषम्मा असं बोलत नाहीं. मी असं बोलत नाहीं. माझे आजोबा फार म्हातारे होते तेव्हां कधीं कधीं असा एखादा शब्द त्यांच्या तोंडांत यायचा, आणि माझे वडील त्यांना हसायचे." त्यांनी मागे ओट्याकडे पाहिलं. "त्यानं मला विचारलं, महाराजांचा मुक्काम हल्लीं कोठें? मला वाटलं थट्टा करतो आहे. मी म्हटलं, अरे, कुठले महाराज? राज्य जाऊन किती वर्षं झालीं."

"मग?"

"मग कांहीं नाहीं. रडला. आवाज न करतां."

त्यांनी बोटांतली तपकीर झटकून टाकली आणि ते पायऱ्या उतरले. पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

६

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. हे पानावर बसले होते, सासूबाई वाढत होत्या, मी दारात उभी. दारं सताड उघडी, नदीवरून गरम झळा येत होत्या.

"वसु!"

मी यांच्याकडे पाहिलं.

"ए वसु! ओडम धाड गं! टाइम किती झाला, कोणी ऐकत नाही का तिथं?"

आवाज पलीकडून आला होता. लांबचा, जरा चिडलेला, शाळेतून दमून आल्यावर असायचा तसा. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. आणि ज्यांचा तो आवाज, ते माझ्यासमोर पाटावर बसले होते, आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

यांचा हात पानावर थांबला. बोटांतला भात खाली पडला. मला वाटलं आता हे माझ्याकडे बघतील. यांनी सासूबाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कपट तर नव्हतंच. दुसऱ्याच्या घरात पाऊस टळेपर्यंत उभं राहिलेल्या माणसाला घरधन्याची चाहूल लागावी, तसे हे आक्रसून बसले होते.

"वसुमती," सासूबाई म्हणाल्या, "ऐकलंस?"

"पक्षी आहे, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून यांच्या पानावर आणखी भात वाढला.

तेव्हापासून माझ्या बोलण्याचा घोटाळा झाला. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही. घरात असले की हे, बाहेर असले की ते. आयुष्यभर एका माणसाला दोन्ही शब्द पुरले होते. आता हे घरात होते, आणि ते पलीकडे होते.

७

हाक रोज येऊ लागली. अलमेलुला ती ऐकू येई, आणि ती म्हणे, पक्षी परत आला. उन्हाने माझं डोकंही फिरलं असेल का, असं मी स्वतःला विचारी. पोटुशी बाईला भास होतात, हे मी आईकडून ऐकलं होतं. पण भास दोघींना एकाच वेळी, एकाच शब्दांत होत नाहीत. सासूबाई हाक आली की जपाची माळ खाली ठेवत.

एक दिवस मी धीर करून घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरले. पुढे वाळू, तिच्यावर ऊन नाचत होतं. पलीकडे वेळूची हिरवी भिंत. माणूस कुठे दिसत नव्हता.

"कुठं आहात?" मी विचारलं. मोठ्याने बोलायची गरज पडली नाही.

"इथंच की! पायऱ्यांवर. तुला दिसत नाही? मला तर तू स्पष्ट दिसतेस." आवाजात केवढी सुटका होती. "अगं, पण इतकी खाली नको उभी राहू. वळुक्कुदु, घसरशील. तण्णी पायाशी आलीये तुझ्या."

मी खाली पाहिलं. माझ्या पायाशी कोरडी वाळू होती. तिच्यातून एक मुंगळा चालला होता.

"पाणी नाही," मी म्हटलं. "चालत या. जसे गेलात तसे या."

"चेष्टा करू नको, वसु. केवढा पूर आहे! मला पोहता येत नाही, तुला ठाऊक आहे." जरा थांबून, "सुब्रमण्यमला सांग ना ओडम काढायला. इथं कोणी नाही गं. दुकान नाही, दिवा नाही, कोणी येत नाही, जात नाही."

सुब्रमण्यम नावाड्याची नाव माझ्या डाव्या हाताला पिंपळाखाली पालथी पडली होती. तिच्यावर कुणीतरी धुणं वाळत घातलं होतं.

आवाज पुन्हा आला, या वेळी बारीक.

"वसु, आपल्या ओट्यावर कोण बसलंय गं?"

८

दवंडी झाली. वर कल्लणैच्या बंधाऱ्याला नवं पाणी लागलं होतं, दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोचणार होतं. वाळूतली गुरं काढा, टरबुजांच्या वाड्या मोकळ्या करा. गावात आनंद झाला. बायकांनी नव्या पाण्याच्या पूजेसाठी फुलं, हळद, काळे मणी जमवायला घेतले.

दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी सोवळ्यात दहीभात कालवला. आल्याचा कीस घातला, कैरीची फोड घातली, जसा त्यांच्या मुलाला आवडे. कडीच्या पितळी भांड्यात तो भरला, वर केळीचं पान बांधलं. मग ओट्यावर आल्या. हे तिथे बसले होते. त्या यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तूं जातोस कां रे परत?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

हे उठले नाहीत. यांचे हात मांडीवर होते, ते कापू लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग खांदे. एवढा मोठा माणूस भिंतीला पाठ लावून थरथरत होता, आणि डोळे नदीकडे जाऊ नयेत म्हणून मान वळवून धरत होता. मी तसं भ्यालेलं माणूस त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

सासूबाई बघत राहिल्या. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी आणखी एकदा म्हटलं असतं, तर हे गेले असते. मुकाट उठून गेले असते.

"नको," त्या म्हणाल्या. "बैस."

मी त्यांचा पदर धरला. "आई, मी येते. तुम्ही एकट्या नका जाऊ. नाहीतर मीच जाते."

"तुझ्या पोटांत त्याचं आहे. तूं इथेंच राहायचंस." त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. "तो उपाशी आहे, वसुमती. इतके दिवस उपाशी. पाणी आलं कीं मग मला जातां येणार नाहीं." मग ओट्याकडे मान करून, "आणि हाहि कुणाचा तरी मुलगाच असेल. त्याच्या आईनं किती दिवस वाट पाहिली कुणास ठाऊक. त्याला उणं बोलूं नकोस."

त्या घाट उतरल्या. काठ नसलेलं लुगडं, हातात भांडं, पाठीत वाकलेल्या. वाळूत उतरून चालू लागल्या. सकाळचीच वेळ, वाळू अजून सोसवेल अशी होती. मी पाहत होते. थोडं गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने लुगडं वर धरलं. घोट्यापर्यंत. आणखी पुढे गेल्यावर गुडघ्यापर्यंत. पावलं जड पडू लागली. एक पाऊल रोवायचं, मग दुसरं ओढून आणायचं. मधोमध गेल्या तेव्हा भांडं डोक्यावर घेतलं, आणि सगळं अंग वरच्या अंगाला, तिरुवैयारुच्या बाजूला, झोकून चालू लागल्या. ओढ असलेल्या पाण्यातून माणूस चालतो तशा. भोवती सगळी कोरडी वाळू, तिच्यावर त्यांची सावली.

एकदा त्या झोकांडल्या. मी किंचाळले असेन.

तेवढ्यात पलीकडे वेळूतून कोणीतरी बाहेर आलं. दोन पायऱ्या उतरून आलं आणि वाकून हात लांबवला. डोक्याला पंचा गुंडाळलेला होता. चेहरा मला दिसला नाही. पण उजवा खांदा जरा खाली टाकून वाकण्याची ती तऱ्हा मी लग्नाच्या होमापासून पाहत आले होते. सासूबाईंनी आधी भांडं पुढे केलं, मग हात दिला. दोघं वर चढली. वेळू हलला, आणि मग हलायचा थांबला.

माझ्या पाठीशी श्वास ऐकू आला. हे ओट्यावरून उठून माझ्या मागे येऊन उभे होते. डोळे घट्ट मिटलेले.

"मातोश्री पोंचल्या?" यांनी विचारलं.

"पोचल्या," मी म्हटलं.

९

पाणी त्याच दिवशी दुपारी आलं. ते प्रथम येतं तेव्हा नदीसारखं दिसत नाही. फेसाची एक मळकट रेघ, वाळलेली पानं, काटक्या, मेलेले किडे पुढे ढकलत वाळूवरून सरपटत येते, आणि मागून पाणी. पोरं तिच्यापुढे ओरडत धावतात. संध्याकाळपर्यंत पायऱ्या बुडाल्या होत्या, आणि सुब्रमण्यमची नाव सुलटी होऊन पाण्यात तरंगत होती.

गावाचं म्हणणं, म्हातारी वाळूतून चालली होती आणि पाण्याने तिला गाठलं. मी ते खोडलं नाही. मला तरी दुसरं काय सांगता येणार होतं? आणि रात्री अंथरुणात पडल्यावर वाटे, खरं तेच असेल. उन्हाने भ्रमिष्ट झालेला नवरा, मुलाच्या काळजीने भ्रमिष्ट झालेली आई, आणि त्या दोघांमध्ये एक पोटुशी बाई, जिला पक्ष्याच्या ओरडण्यात माणसाचं बोलणं ऐकू आलं. तसं असेल तर आईला मी डोळ्यांदेखत मरणाकडे जाऊ दिलं होतं. तसं नसेल तर माझा नवरा पलीकडे होता. या दोन्हीतलं कुठलं बरं, हे मी आजही ठरवू शकलेली नाही. हाक मात्र त्या दिवसापासून आली नाही. खालच्या गावांपर्यंत शोधलं. देह मिळाला नाही.

शेवटी दर्भाची प्रतिमा करून क्रिया करायचं ठरलं. मुलगा म्हणून ते यांनीच करायचं होतं. मला धास्ती होती की हे पाण्यात उतरणार नाहीत. सकाळी हे घाटाच्या वरच्या पायरीवर पुष्कळ वेळ उभे राहिले. मग उतरले. कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले, आणि अंगावरचा काटा मला वरून दिसत होता.

गुरुजींनी ओंजळीत तीळ घातले. "आईचं नाव घ्या आणि पाणी सोडा."

"भामा," हे म्हणाले.

गुरुजी घोटाळले. शोकात माणूस चुकतो, हे त्यांनी पुष्कळ पाहिलेलं असणार. "शेषम्मा," त्यांनी हळूच आठवण दिली.

ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं, तीळ तळहाताला चिकटले होते. मग यांनी "भामा" म्हणून उरलेलं पाणी सोडलं. पुन्हा ओंजळ भरली. गुरुजींपुढे हात केला, तीळ मागून घेतले, आणि "शेषम्मा" म्हणून दुसऱ्यांदा सोडलं. तेवढंच पाणी, तेवढेच तीळ.

गुरुजी सामान आवरून वर गेले. हे पाण्यातच उभे होते. पायऱ्यांवर नवा गाळ बसलेला, आणि पाण्याला ओढ होती. यांना पाऊल उचलता येत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. यांनी वर माझ्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. मागण्याचा आपल्याला हक्क नाही, असं वाटत असावं.

मी दोन पायऱ्या उतरले. पाणी माझ्या घोट्याला लागलं. पलीकडच्या तीराकडे मी पाहिलं नाही. एका हाताने पोट धरलं आणि दुसरा खाली केला.

यांचा हात गार होता आणि भिजून सुरकुतलेला होता. मी तो धरला, आणि यांना पाण्याबाहेर घेतलं.